तास झाला का, मॅडम?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला एक जुनी इंग्रजी शोकांतिका मी बरीच वर्षं शिकवते आहे. गोष्ट सोपी आहे. एक शूर सेनापती, त्याची तरुण बायको आणि बढती हुकल्यामुळे आतून पेटलेला त्याच्या हाताखालचा एक माणूस. हा माणूस सेनापतीच्या कानाशी लागतो, एक हरवलेला रुमाल पुरावा ठरतो आणि शेवटी सेनापती आपल्या निरपराध बायकोचा जीव घेतो. मुलांच्या लक्षात रुमाल राहतो. परीक्षेत सगळे रुमालावरच पानं भरतात. मी दरवर्षी सांगते, रुमाल सोडा, त्यांचं बोलणं बघा.

तो हाताखालचा माणूस सुरुवातीला धडधडीत असं काही सांगतच नाही. नुसता अडखळतो. अर्धं बोलतो आणि विचारलं की काही नाही म्हणतो. मालकाचा शेवटचा शब्द उचलून त्यालाच परत देतो, मग मालकाला स्वतःचाच शब्द वेगळा ऐकू यायला लागतो. ज्या सेनापतीचं बोलणं आधी भरल्या गोदावरीसारखं ऐसपैस असतं, त्याच्या तोंडी हळूहळू तुकडे येतात, जनावरांची नावं येतात. तो त्या दुसऱ्या माणसासारखा बोलायला लागतो. संशय आधी जिभेवर बसतो आणि मग हातात उतरतो, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. नांदेडच्या आमच्या कॉलेजात, पंख्याच्या आवाजात, ते बरं वाटायचं.

त्या वर्षी मी वर्गाला विचारलं की इंग्रजीतल्या 'जेलसी' या शब्दाला मराठीत काय म्हणाल? गाईडात मत्सर लिहिलेलं असतं. पण मत्सर शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा वाटतो, हेवा मैत्रिणीच्या नोकरीचा वाटतो. नवऱ्याला बायकोबद्दल जे होतं ते काय? मधल्या रांगेतून एक मुलगी हळूच म्हणाली, "शक."

पोरं हसली. शक हा आमच्याकडे घरातल्या भांडणांचा शब्द, वर्गात तो कोणी काढत नाही. मी फळ्यावर लिहिला. ही मुलगी बिलोलीकडच्या एका गावात दिलेली होती, माहेर लातूर जिल्ह्यातलं मुरुड. लग्नानंतर नवऱ्याने नांदेडला खोली केली होती. तो ट्रॅक्टरच्या एका दुकानात कामाला होता आणि शिकू दे म्हणून त्यानेच तिचं नाव घातलं होतं. एवढं मला माहीत होतं.

तास संपता संपता तिने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, मग तिनं काय बोलायला पाहिजे होतं?"

मी म्हणाले, सरळ विचारायला पाहिजे होतं, की तुमच्या मनात काय आहे.

"इचारलं की म्हणतेत, तुला कशाची भीती वाटायली?"

पोरं पुन्हा हसली. तीही थोडी हसली. घंटा झाली तेव्हा मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आठवडाभरातच पहिला फोन आला. आवाज इतका नम्र की मी खुर्चीत सरळ बसले. तिचा मिस्टर बोलतोय म्हणाला, त्रास देतो म्हणून माफी मागितली, आणि विचारलं, "आज तुमचा तास झाला का, मॅडम?"

झाला, असं मी सांगितलं.

"ती होती का?"

पन्नास-साठ पोरांचा वर्ग. मी डोळ्यांपुढे बाकं आणली, तिची रांग शोधली. म्हणाले, "थांबा हं. होती... हो, होती वाटतं."

मग तो म्हणाला, "वाटतं." आणि थोड्या वेळाने, "बरं मॅडम." फोन ठेवला.

पुढचे काही दिवस ती आली नाही. आली तेव्हा तोंडाला बांधलेला स्कार्फ तिने वर्गातही सोडला नव्हता. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. बाकीचे उठून जाईपर्यंत ती खिडकीकडे बघत उभी राहिली. मग तिने तक्रार अशी काही केलीच नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही वाटतं म्हणलात ना मॅडम."

त्या एका शब्दावर तिच्या घरात दोन दिवस निघाले होते. मॅडमला वाटतं म्हणजे मॅडमलाही पक्कं माहीत नाही. म्हणजे ती तासाला नव्हती. मग कुठं होती? आरडाओरडा नव्हता, तो कधीच ओरडत नसे. जेवताना विचारायचा, भांडी घासताना मागे उभं राहून विचारायचा, पुन्हा तेच शब्द थोडे फिरवून. दिवसभर फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावायचा आणि ठिपका जागचा हलला नाही तर तो का हलला नाही हेही विचारायचा. तो मारतो का, असं मी विचारलं. ती म्हणाली, अजून न्हाई.

'अजून' हा शब्द घेऊन मी घरी गेले.

नाटकात तो माणूस मुद्दाम थांबत असतो. मी नुसती आठवत होते. पण ऐकणाऱ्याने आधीच ठरवलेलं असेल तर दोन्ही थांबणी सारखीच. इतकी वर्षं मी ते शिकवत होते आणि माझ्या तोंडून ते किती सहज निघालं याचीच मला धडकी भरली.

फोन येत राहिले. मी आता तयारीत राहायला लागले. वर्गात गेलं की आधी तिला शोधायची, कुठे बसली, कोणत्या रंगाची ओढणी, सगळं मनात ठेवायची. त्याने विचारलं की लगेच सांगायची, हो, होती, दुसऱ्या बाकावर होती, शेवटपर्यंत होती. एकदा असं घडाघडा सांगितल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आज लगेच सांगितलं तुम्ही."

थांबलं तर संशय आणि न थांबलं तर, तिनेच शिकवून ठेवलं असेल. फोनच न उचलावा तर त्याचाही काहीतरी अर्थ लावला जाणार. मी कितीतरी वाक्यं मनात जुळवून बघितली. त्याच्या कानात गेल्यावर कुठलंच वाक्य जसंच्या तसं राहणार नव्हतं.

माझ्या बोलण्यावरही त्याचा परिणाम व्हायला लागला. वर्गात वाक्य अर्धं झालं की मला ते सोडवेना. घरी एका संध्याकाळी रेल्वेच्या ऑफिसातून आलेल्या माझ्या नवऱ्याने सहज विचारलं, आज तुला उशीर झाला वाटतं? मी म्हणाले, का? असं का विचारताय? ते चपला काढता काढता थांबले. मला सगळं सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, प्राचार्यांना सांग. प्राचार्य म्हणाले, नवरा-बायकोचं प्रकरण आहे मॅडम, आपण काय बोलणार.

मी तिला एकदा विचारलं की तुझ्या नवऱ्याच्या कानाशी कोण लागलं? दुकानातलं कोणी? घरातलं? ती विचार करून म्हणाली, "नाटकात एक माणूस लागतो, मॅडम. आमच्याकडं कुणीच लागत न्हाई. त्यांचे तेच बोलतेत आन् त्यांचे तेच ऐकतेत."

आजवर त्या नाटकावर मी जे काही वाचलं त्यात असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. पण मला तेव्हा कौतुक वाटलं नाही, भीतीच वाटली. सांगणारा माणूस वेगळा असता तर त्याला गाठता आलं असतं.

मग एका दुपारी तो स्वतःच कॉलेजात आला. गेटापाशी लिंबाखाली गाडी लावून उभा होता. माझ्या मनात कोणीतरी दांडगा माणूस होता. हा किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. मला बघून दोन्ही हात जोडले. डोळे मात्र झोप न झाल्यासारखे होते.

म्हणाला, ती घरी ते नाटक वाचते. गोष्ट मला सांगितली तिनं. मग विचारलं, "त्याच्यात बायकोची काय चूक हाय, मॅडम?"

"काहीच नाही."

"काहीच नाही." त्याने शब्द जिभेवर फिरवून बघितला. "मग उगीच कोण जीव घेतंय?"

मी म्हणाले, त्याला पुरावा पाहिजे होता, आणि जो रोज पुरावा शोधतो त्याला तो सापडतोच. तुम्हाला त्रास होतोय हे मला दिसतंय. डॉक्टरला दाखवा, मी ओळखीचे डॉक्टर सांगते. पण यापुढे मी फोनवर उत्तर देणार नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी मऊ आलं असं मला वाटलं, आणि मी उगाच आशा धरली. मग हेल्मेट डोक्यात घालता घालता तो म्हणाला, "म्हणजे लपवण्यासारखं हाय."

तो गाडी वळवून गेला तरी मी तिथेच उभी होते. वर्ग सुटायला थोडा वेळ होता. मी आत गेले, तिला वर्गाबाहेर बोलावलं आणि विचारलं, आज घरी गेलीस तर काय होईल? ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "माहीत न्हाई." तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मी तिच्याकडून वडिलांचा नंबर घेतला.

वडील मुरुडला शेती करणारे. बाजारात होते, मागे गलका चालू होता. मी कॉलेजातून बोलतेय म्हटल्यावर लगेच आवाज बदलला. "काय झालं, मॅडम?"

काही नाही, काळजी करू नका, हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. अशा वेळी आपण तेच म्हणतो. मी ते गिळले आणि एकेक वाक्य पुरं करत बोलले. तुमच्या मुलीला नवऱ्याची भीती वाटते. तो तिच्यावर संशय घेतो. मला आज धोका वाटतो आहे. तिला न्यायला आजच या.

ते गलक्यातून बाजूला आले. मग म्हणाले, "दिवाळीला आली तवा मी इचारलो होतो तिला. म्हणली, सगळं बरं हाय."

ते येईपर्यंत ती माझ्या घरी बसली. मी केलेला चहा तिने घेतला नाही. गाडीचा आवाज आला की दोघी दाराकडे बघायचो. अंधार पडता पडता वडील आणि मामा जीप घेऊन आले. वडिलांनी तिला काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाले, चल बाई. जाताना ती रडू आवरत माझ्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला. या वेळी प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बसवून घेतलं आणि पुन्हा आलात तर पोलिसांत कळवीन असं सांगितलं. पुढे दोन्हीकडच्या बैठका झाल्या. तो बैठकीत सगळ्यांसमोर रडला, पुन्हा असं करणार नाही म्हणाला. तिच्या सासऱ्यांनी नांदायला पाठवा म्हटलं. वडिलांनी आधी उपचार करा म्हटलं. काही दिवस तो गोळ्या घेत होता, मग सोडल्या, असं कळलं. परीक्षा तिने दिली, वडील रोज केंद्राबाहेर बसून असायचे. ती पास झाली. रुमालाचा प्रश्न आला होता का, हे मी विचारलं नाही. आता ती लातूरला एका शाळेत शिकवते, आठवड्याला मुरुडला येते. सोडचिठ्ठीचं अजून चालू आहे.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला एका लग्नाला गेले होते, परतताना वाट वाकडी करून मुरुडला उतरले. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मला बघून इतकी मोठ्याने हसली की आतून तिची आई बाहेर आली. मग ती बोलत सुटली. शाळेतली पोरं, हेडबाईंचा स्वभाव, आईचे गुडघे, व्यायला झालेली म्हैस. एकातून दुसरं निघत होतं, कुठल्याच गोष्टीला लवकर शेवट येत नव्हता. मी नुसती ऐकत होते.

दूध संपलं म्हणून ती वाण्याकडे गेली आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "दुकानात गर्दी होती, म्हणून टाइम लागला. शेजारच्या काकू बी होत्या तिथं, त्यांना इचारा."

आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली. "कुणी इचारलं गं तुला?"

ती तशीच उभी राहिली. मग तिने आत जाऊन दूध तापायला ठेवलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विळीवर वाकली. आम्ही चहा घेतला, आणि बसच्या वेळेपर्यंत म्हशीबद्दल बोलत बसलो.