दारातल्या चपला आणि आमच्या घरातलं रॅप्चर

गेल्या शनिवारी आमच्या दौंडच्या घरात रॅप्चर झालं... निदान माझ्या सासूबाईंपुरतं तरी झालं. माझं डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशू परत येणार आणि आपल्या माणसांना एका क्षणात वर घेऊन जाणार, असं आम्ही ख्रिस्ती लोक मानतो; त्यालाच रॅप्चर म्हणतात. भांडण आहे ते कधी नेणार यावरून... जगावर मोठं संकट येण्याआधी, की ते सोसून झाल्यावर?

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, प्रार्थनासभेचे पास्टर 'आधी'वाले. आत्ता चहा पिता पितासुद्धा प्रभू नेईल, तयार नसाल तर खाली राहाल! आईंचे धाकटे भाऊ, आमचे शिरूरचे विजूमामा, 'नंतर'वाले. संकटातून सगळ्यांनाच जावं लागणार, फुकटात सुटका कोणाचीच नाही, हे त्यांचं ठाम मत.

नाताळच्या जेवणाला हे दोघं आमच्याकडे समोरासमोर आले आणि झालं... बिर्याणी गार पडली, पण माघार कोणी घेईना. "तुमी जावा वर, आमी खाली निस्तरतो!" असं म्हणून मामा ताटावरून उठले आणि गाडीला किक मारून गेले. पास्टरांनी आईंना बजावलं, चुकीच्या शिकवणीच्या माणसाशी संबंध नको. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

आता शनिवारचं ऐका. नवरा ड्यूटीवर, आई सभेला गेलेल्या. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि दुपारी अचानक वावटळ सुटली. मळत असलेली कणीक तशीच टाकून मी लेकीला, जेनीला, घेऊन वर पळाले. वाळवणात चपला घालून कोण जातं? चपला दारात, मोबाईल चार्जिंगला, पंखा गरगर सुरू, दार सताड उघडं...

आई नेमक्या तेव्हाच घरी आल्या. सभेत तेच ऐकून आलेल्या, की एकाएकी माणसं नाहीशी होतील. समोर बघतात तर माणसं नाहीत आणि चपला आहेत... त्यांनी हाका मारल्या, पण वाऱ्यात आम्हाला काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात यार्डातून इंजिनाचा लांबलचक हॉर्न वाजला. अख्खा संसार रेल्वे कॉलनीत काढलेली ही बाई, पण त्या दिवशी त्यांना तो प्रभू येताना वाजणारा देवाचा कर्णा वाटला.

त्यांनी पास्टरांना फोन लावला. उचलला नाही. म्हणजे तेही गेले! मग कित्येक महिन्यांनी मामांना लावला.

मी कुरडयांची पाटी घेऊन खाली आले तर आई उंबऱ्यात बसलेल्या. जेनीची चप्पल छातीशी धरलेली आणि फोनवर हुंदके... "विजू, तू बी राहिलास व्हय रं?"

आम्हाला बघून त्या किंचाळल्याच. मग जेनीला जवळ ओढून तिचे हात, गाल, केस चाचपत बसल्या. पाण्याचा ग्लास मीच त्यांच्या तोंडाला लावला.

मी पास्टरांना फोन केला. दुपारचे झोपले होते म्हणे! सगळं सांगितलं तर काय म्हणावं या माणसानं... "सभेतल्या बहिणींचा विश्वास कमी पडतो, म्हणून भीती वाटते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, पहाटे उठून तुमच्यासकट सगळ्या गावासाठी प्रार्थना करते ही बाई. तिला देवाची ओढ लावायची सोडून तुम्ही धाक घातलाय. लाज वाटू द्या जरा. आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी मामा शिरूरहून तडक आले. मला वाटलं आता तरी बहिणीला धीर देतील. कसलं काय! दारातूनच सुरू झाले, "बगितलंस अक्का? म्हनून मी सांगत व्हतो, आदी काय बी हुनार न्हाई..."

मग मी त्यांनाही सोडलं नाही. "मामा, चहा प्यायचा असेल तर बसा. वाद घालायचा असेल तर गाडी वळवा." मामा चपला काढून आत बसले, मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. नाताळपासून एक फोन करणं जमलं नाही, आणि आले ते जिंकल्याची वर्दी द्यायला!

राग राग करत मी आईंनाच विचारलं, तुमच्यासारख्या बाईला देव खाली ठेवेल, असं तुम्हाला वाटलंच कसं?

पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "पाठच्या भावाशी अबोला धरलेल्या बाईला कोन नेईल गं वर?"

मामांनी हातातला कप खाली ठेवला. एवढं शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस, पण उठून बहिणीच्या पायाशी जाऊन बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी तळलेल्या कुरडया पुढे ठेवल्या, त्या दोघांनी एकाच ताटलीत खाल्ल्या.

निघताना आईंनी विचारलं, "आता कवा येशील?" मामा म्हणाले, "रविवारी. नक्की."

आधी की नंतर, ते देव बघेल. आमच्या घरात येण्याचा हा एक दिवस तरी ठरला, त्याबद्दल त्याचे आभार. आणि माझ्या सासूला पुन्हा कोणी घाबरवलंच... आधीवाला असो की नंतरवाला, गाठ माझ्याशी आहे.