मी दाखवलेला बाण आणि त्याखालचा खड्डा

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी मेळघाटच्या पायथ्याचा एक फोटो टाकला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. मोहाचं जुनं झाड, बुंध्यावर पांढरा बाण आणि खाली माझ्या प्रतिभेची झेप: ‘सातपुड्यातला गूढ बाण! इतिहास, की गुप्तधन?’ वाचकांची गैरसोय नको म्हणून नकाशावरची नेमकी जागाही दिली होती. माझ्या कुठल्याच लेखाला एवढे वाचक मिळाले नव्हते. धबधब्यांवर मी जीव ओतून लिहिलं, ते माझ्या आईनेसुद्धा अर्धंच वाचलं. बाणाला मात्र पार नाशिकपर्यंत पाय फुटले.

यंदा त्याच फोटोखाली एक प्रतिक्रिया आली. “म्याडम, तुमच्या फोटोतल्या झाडाखाली लोकायनं सोन्यासाठी खड्डा केला. मुया तोडल्या. झाड माह्या मायचं हाये. एकडाव येऊन पाहून जा. सोमलाल, वनमजूर.” वर-खाली सगळीकडे ‘वा मॅडम, जबरदस्त’ चाललेलं आणि मध्ये हे. मी फोन बंद केला, पुन्हा उघडला, तरी ते तिथेच होतं. मी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवते. मुलांना जंगलाचं महत्त्व दहा मुद्द्यांत लिहायला लावते आणि एकही मुद्दा राहिला तर मार्क कापते. तेव्हा ही सहल मी स्वतःच्या कर्तृत्वाची पाहणी करायला काढली.

शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले. अकोट रस्ता नेहमीप्रमाणे ‘होऊन राहिला’ होता. माझी नोकरी लागली तेव्हाही होऊन राहिला होता. अकोटला आलूबोंडा खावा, वर तर्री मागून घ्यावी. वीस रुपयांत डोळ्यांतून पाणी येतं आणि रस्त्याचा राग विसरला जातो. मुक्काम अंजनगाव सुर्जीला, माझी कॉलेजातली मैत्रीण रुखसानाकडे. तिच्या घरचं कापडाचं दुकान आहे आणि गावाबाहेर पानमळा. जेवताना तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, धीर देईल.

“तूनं त फोटो काढला न बाप्पा, झाड कापलं का?” ती म्हणाली. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात तिने पुढचं वाक्य वाढलं, “पन पत्ता कावून देल्ला? चोराले चाबी देऊन वरतून विचारतं, चोरी कशी झाली म्हून!”

मोहफुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचतात, म्हणून आम्ही उजाडण्याआधीच तिच्या गाडीने निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना: पेट्रोल अंजनगावातच भरा, पाणी घरून न्या, वननाक्यावर नाव नोंदवा. गावाचं नाव या वेळी सांगणार नाही. तुम्ही सज्जन आहात याची खात्री आहे, पण तुमच्या भाच्याची मला खात्री नाही.

सोमलाल नाक्यावरच उभा होता. तिशीचा, सडपातळ, खाकी शर्ट, पायात चप्पल. जंगल राखणं हे त्याचं रोजंदारीचं काम. मी रात्रभर माफीचं भाषण पाठ केलं होतं; त्याने ते सुरूच होऊ दिलं नाही. “चाला, उशीर झाला त माय वेचून निंगून जाईन,” म्हणत तो पुढे झाला.

अर्धा तास चढ. वाटेत सागाची कोवळी झाडं कंबरेतून तोडलेली दिसली, ओळीनं. सोनं शोधायला आलेल्या महाभागांना शिडीला खांब लागले होते, शेकोटीला लाकूड लागलं होतं. पुरुषभर खोल खड्ड्यात उतरायचं तर शिडी हवीच, सुरक्षिततेचे नियम त्यांनी काटेकोर पाळले होते.

आणि मग झाड. माझ्या फोटोत ते फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात त्याच्या उताराकडच्या बाजूला बैलगाडी मावेल एवढा खड्डा होता आणि खड्ड्याच्या भिंतीतून दोन तोडलेली मुळं बाहेर आली होती, मांडीएवढी जाड. काठावर फुटका नारळ, वाळलेली लिंबं, कुंकू. झाड खड्ड्याकडे किंचित कललेलं. लाज वाटली असं नुसतं म्हणणं फार कमी होईल.

सोमलालने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. “हे खड्ड्यात सापडलं.” माझाच फोटो होता, मथळ्यासकट, कोपऱ्यात ब्लॉगच्या नावासकट. छापून वर लॅमिनेशन केलेलं. माझ्या लेखनाचा इतका आदर आजवर कुणी केला नव्हता.

“पन बाण हाये कायचा?” रुखसानाने विचारलं.

“बाण म्याच मारला,” सोमलाल म्हणाला. “जनावरायच्या मोजनीची लाइन हाये ही. बाण दिसला का तिकडं सरळ चालाचं, न जे सापडलं ते लिहून घ्याचं. हरनाच्या लेंड्या, अस्वलाची विष्ठा, वाघाची असन त वाघाची.” त्याने बुंध्याला हात लावला. “माय म्हने दुसऱ्या झाडाले मार. मले वाटलं, मोठं झाड हाये, दुरून दिसते.”

म्हणजे नारळ फोडून, लिंबं कापून, मुळं तोडून ही मंडळी ज्या खजिन्याचा माग काढत होती, तो लेंड्यांचा होता. मी भूगोलाची शिक्षिका, मोजणीची रेषा मला ओळखता आली नाही. त्यांना तरी काय नावं ठेवायची? मला हसू आलं आणि सोमलालच्या तोंडाकडे बघून ते तिथेच विरलं. तो आमच्याकडे न बघता बुंध्यावरच्या रंगाकडे बघत होता.

त्याची आई, सुमरतीबाई, झाडाच्या पलीकडे वेचत होती. कोरकू आदिवासींच्या घरांत मोहाची झाडं वाटलेली असतात. कागद नसतो, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. हे झाड तिला तिच्या सासूकडून आलेलं. आमच्याकडे सासूकडून पाटल्या येतात आणि त्या लॉकरात पडून असतात. हिचं झाड दर वर्षी घर चालवायला मदत करतं. खड्ड्याच्या बाजूच्या फांद्यांना या साली फूल धरलंच नव्हतं. फुलं वेचायला झाडाखालची जमीन आधी झाडून ठेवतात, तिकडची तिने झाडलीही नव्हती.

मी शेवटी म्हटलंच, “बाई, तो फोटो मी टाकला होता.”

“मालूम हाये,” ती म्हणाली. टोपलीतून मूठभर फुलं काढून तिने माझ्या हातात दिली. “खा. गोड हाये.” मी खाल्ली. इतकं अवघड काही आजवर खाल्लं नव्हतं.

साहेब लोक येऊन पंचनामा करून गेले होते. खड्डा बुजवणं पंचनाम्यात बसत नाही, ते सोमलाल सुट्टीच्या दिवशी एकट्याने करत होता. खणलेली माती उताराने खाली गेलेली, ती टोपल्याने वर आणायची. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी आणली. मोजून सांगते, माझी टोपली नेहमी अर्धी असायची. खड्डा घोटाभरसुद्धा भरला नाही.

“वाचंन का झाड?” रुखसानाने विचारलं.

“पान्याच्या आंधी माती बसली त वाचंन. नाई त पयल्या वादळात जाईन.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “म्याडम, म्या तुमाले याच्यासाठी बलावलं नाई. तुमी लिहा, का इथं काई नाई. तवा तुमचं वाचलं न लोकायनं, आताबी वाचतीन.”

घरी पोचल्यावर अंघोळीआधी तेच केलं. जुना लेख काढून टाकला आणि चार ओळी टाकल्या: बाण वनखात्याचा आहे, मोजणीसाठी आहे, तिथे सोनं नाही, कृपया जाऊ नका. पहिली प्रतिक्रिया चहा संपायच्या आत आली. “मॅडम, जाऊ नका म्हणताय म्हणजे नक्कीच आहे. लोकेशन पुन्हा टाका ना.” त्याला सोळा जणांचा अंगठा.

मी उत्तर दिलं: खणायची एवढी हौस असेल तर या, एक खड्डा आहे, तो उलटा खणायचाय. कुदळ नको, टोपलं आणा. दर रविवारी सकाळी, अंजनगाव स्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन. या उत्तरालाही भरपूर अंगठे आले.

त्यानंतर तीन रविवार झाले. खड्डा गुडघ्यापर्यंत भरलाय, झाड उभं आहे, माझी टोपली आता पाऊण भरते. काल सोमलालच्या फोनवरून सुमरतीबाई बोलल्या. आभाळ भरून येऊ लागलंय म्हणाल्या. मग विचारलं, “येऊन राहिलं का कोनी?”

“वाचून राहिलेत,” मी म्हटलं.