मामांची झडती

मामा म्हणजे माझ्या वैमानिक बायकोचे मामा, कसरतीच्या विमानांचे मेकॅनिक. हँगरमध्ये सगळे त्यांना झडतीमामा म्हणतात. खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय ते कुणाला पंखावर पाय ठेवू देत नाहीत.

"हे विमान पाठीवरही उडतं, जावईबापू. सुटी वस्तू कुठं जाऊन अडकेल, नेम नाही."

पहिल्या वेळी त्यांनी माझ्याकडून कंगवा, किल्ल्या आणि अर्धं बिस्कीट काढून घेतलं. मग बायकोनं मला वर नेलं. विमान उलटं झालं आणि मलाही उलटी झाली. "खिसे तपासले, पोट राहिलं," मामा म्हणाले.

पुढं एकदा ती एकटीच सरावाला निघाली. मामांनी आत वाकून तिचे पट्टे आवळले, काचेचं झाकण लावलं. विमान सरळ वर चढलं, क्षणभर लटकलं, आणि नाक खाली करून सुटलं. मामांनी मान वर केली तसा त्यांचा चष्मा एका कानावर लोंबकळला. त्यांनी दुसऱ्या कानामागं चाचपलं. चष्म्याची दांडीच नव्हती. त्यांनी शर्ट झटकला, पायाशी पाहिलं. चेहरा पांढराफटक.

रेडिओ खरखरला. "मामा, स्टिक मागे येत नाहीये!"

स्टिक म्हणजे वैमानिकाच्या पायांमधला सुकाणूचा दांडा; तो मागे ओढला की नाक वर येतं, एवढं मलाही ठाऊक होतं. नाक जमिनीकडेच होतं.

"पुढे जातेय?"

"जातेय!"

"उलटी हो! मग पुढे रेट!"

"अहो, उलटी कशाला? सरळ आणा तिला!" मी रेडिओवर झडप घातली. मामांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

विमानानं अंग फिरवलं. त्याचे पंख वरून-खालून सारखेच फुगीर, त्यामुळे त्याला उलटं काय नि सुलटं काय. पण पाठीवर असताना स्टिक पुढे रेटली की नाक आभाळाकडे जातं. झाडांच्या शेंड्यांवरून ती गेली, डोकं खाली, चाकं वर. नाक हळूहळू उचललं गेलं.

"मामा, काचेवर काहीतरी पडलंय. काळं, लांबट."

"माझ्या चष्म्याची दांडी आहे ती." मामा ओरडले. "हात पुरतोय?"

रेडिओवर तिचे पट्टे करकरले.

"मिळाली."

"दातात धर. सरळ हो. स्टिक हलव."

"हं."

"मागे येतेय?"

"हं! हं!"

ती उतरली तेव्हा दांडी अजून दातातच होती. मामांनी हात पुढे केला. तिनं दांडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मामा, हात वर."

भर हँगरसमोर तिनं त्यांचे सगळे खिसे उलटे केले. मग नाकावरचा चष्माही काढून घेतला.

"अगं, मला दिसत नाही त्याच्याशिवाय!"

"स्टिकखाली हातानं चाचपून बघा, पट्टेही तसेच आवळा. मला परत वर जायचंय."