जहाजावर तरी ब्रेक नसेल

गाडी शिकवणाऱ्याच्या सीटसमोर, पायाशी, एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शेजारी बसलेल्याने पाय दाबायचा आणि गाडी जागच्या जागी उभी करायची. मास्तरांनी उभा जन्म तो ब्रेक दाबला होता. आता तर तो ब्रेक त्यांच्या पायातच मुक्कामाला आला होता. मुलाच्या गाडीत पुढे बसले की त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर दणकन आपटे. टॅक्सीत तेच. घरी टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की सोफ्यावर बसल्या बसल्या तेच. आणि पायाबरोबर तोंड. "आरसा बघ! आरसा! अरे, आरसा काय भांग पाडायला दिलाय का?"

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बिचारीने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नाकावरून घसरणारे चष्मे घट्ट करायचे, कानामागे रुतणाऱ्या काड्या वाकवायच्या, आणि "मला काही चष्मा लागत नाही" म्हणून भांडणाऱ्यांना गोड बोलून खालची ओळ वाचायला लावायची, हे तिचं काम. पण मास्तरांची बायको म्हणून मास्तरीण. त्यात गंमत अशी की मास्तरीणबाईंना गाडी येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मास्तरच सांगायचे, हसत हसत, चारचौघांत. "शहरातले निम्मे लोक माझ्या हाताखाली शिकले, पण आमच्या घरातल्या बायकांपुढे मी हात टेकले."

लग्नानंतर एकदाच त्यांनी तिला शिकवायला नेलं होतं. मोकळं मैदान, चिटपाखरू नाही, तरी गाडी दहा हात गेली की मास्तरांचा पाय खाली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पाय खाली. शेवटी तिने किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि ती चालत घरी आली. पुढे लेकीचं तेच झालं. लेक चालत आली नाही, रडत आली, एवढाच फरक. "आईवर गेलीय," मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

खरी गोष्ट वेगळीच होती. दुसऱ्या पेठेत गाडी शिकवणाऱ्या एक बाई चष्मा करायला दुकानात आल्या होत्या. मोठ्या थंड डोक्याच्या. मास्तरीणबाई दुपारच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायला लागली, आणि शिकली. रीतसर परीक्षा देऊन पास झाली. तेव्हापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, दर आठवड्याला काचा आणायला दुकानाची व्हॅन घेऊन तीच जात होती. घाटात, पावसात, गर्दीत. लायसन्स एका जुन्या चष्म्याच्या डबीत घालून पर्समध्ये तळाशी ठेवलेलं. घरात तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पास झाली त्या संध्याकाळी सांगणार होती, अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तर जेवताना कुठल्याशा विद्यार्थिनीची नक्कल करत होते, आणि तिच्या मनात आलं, सांगितलं की उद्यापासून हा माणूस माझ्या शेजारी येऊन बसणार. मग तिने मुकाट्याने त्यांना भाजी वाढली. आठवड्यातला तो एक तास तरी आपला राहू दे, एवढाच तिचा हट्ट.

जहाजाची सुट्टी काढली तीही तिनेच. आजवरच्या सगळ्या सुट्ट्या गाडीने झालेल्या. मुलगा चालवणार, मास्तर शेजारून चालवणार, मागे सून डोळे मिटून बसणार, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत बापलेकांची बोलचाल बंद. या खेपेला तिने विचार केला, असं वाहन शोधू की ज्याचं स्टिअरिंग घरातल्या कुणाच्याच हाती नसेल. आणि शेजारची सीट तर मुळीच नसेल. सहा दिवस. तिला दुसरं काही नको होतं. समुद्राकडे तोंड करून एक खुर्ची, आणि कानावर "ब्रेक!" न पडणारे सहा दिवस.

पण ठरवतानाच तिच्या नाकी नऊ आले. सुनेला बाल्कनीची खोली हवी, मुलाला स्वस्तातली, लेकीला "कुठलीही चालेल, फक्त मला सकाळी उठवू नका." मास्तरांना खोली हवी होती जीवरक्षक नौकांच्या अगदी जवळ. प्रवास कंपनीतल्या मुलाला त्यांनी जहाज थांबायला किती अंतर लागतं ते विचारलं. त्याला ते सांगता येईना. "गाडी विकतोस आणि ब्रेकचं माहीत नाही?" मास्तर म्हणाले. तो बिचारा म्हणाला, "काका, मी जहाज विकत नाही, तिकिटं विकतो." मास्तरीणबाईने कपाळाला हात लावला.

जहाजावर पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकीट घालायला शिकवतात. मास्तर शिकायला गेले ते शिकवायलाच लागले. अनोळखी माणसांचे पट्टे ओढून बघितले, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा इतका घट्ट केला की त्यांचा चेहरा लाल झाला. जेवणाच्या हॉलमध्ये ताटं घेऊन लोक दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून ते सूपाच्या भांड्यापाशी उभे राहून वाहतूक नियंत्रण करू लागले. "अहो, बसा ना," ती दात-ओठ खात म्हणाली. "अगं, धडक होईल," ते म्हणाले. सूनबाई दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मुलगा तिच्या मागे गेला. लेक तर खोलीतून बाहेरच आली नव्हती. सहकुटुंब सहल म्हणतात ती ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला तिची खुर्ची मिळाली. वरच्या डेकवर कुणी नव्हतं. हातात चहा, समोर नुसतं पाणी, आणि जहाज कुणालाही न विचारता आपलं आपलं चाललेलं. तिने चपला काढल्या, पाय लांब केले. खरंच सांगायचं तर तिला त्या क्षणी रडू येईल इतकं बरं वाटलं. चहा अर्धाही झाला नव्हता तोवर मागून आवाज आला, "इथे वारा लागतोय तुला. तिकडे सरक. नाही, तिकडे नाही, डावीकडे. डावीकडे म्हटलं की तू नेहमी उजवीकडे."

तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटाला लागलं. धक्क्याला लागताना मास्तर कठड्याशी उभे राहून कप्तानाला हातवारे करत होते आणि पाय दाबत होते. जहाज अलगद लागलं. "उशिरा वळवलं," मास्तर म्हणाले. "दिवसभर काय करायचं इथे? चला, गाडी भाड्याने घेऊ."

मास्तरीणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीपासून पळायला म्हणून ती समुद्रात आली होती, आणि हा माणूस समुद्रातही गाडी शोधून काढत होता! मुलगा आणि सून चतुर होते, ते "आम्ही पोहायला जातो" म्हणून सटकले. सापडल्या त्या मायलेकी.

गाड्यांच्या कचेरीत काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "दुसरं कुणी चालवणार आहे का? नाव लिहायचंय."

"छे, दुसरं कोण?" मास्तर हसले. "हिला येत नाही. आणि आईचं पाहून लेकीलाही येत नाही. रक्तातच नाही यांच्या."

काउंटरवरची मुलगी कसनुशी हसली. लेकही हसली, खाली बघत. तिशी ओलांडलेली, एका कंपनीचे हिशेब सांभाळणारी मुलगी. नवी नोकरी शहराबाहेर मिळत होती, पगार चांगला होता, पण तिथे बस जात नाही म्हणून तिने नाही म्हणून कळवलं होतं. आईने ते हसू पाहिलं. मग मास्तर टायरवर लाथा मारून बघायला बाहेर गेले, लेक पाठोपाठ गेली, आणि मास्तरीणबाईने पर्स उघडली, डबीतून लायसन्स काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "माझंही नाव घाला," ती म्हणाली. रागाच्या भरात केलं. गाडी चालवायची तिला नव्हतीच.

बेट छान होतं म्हणतात. तिला दिसले ते फक्त मास्तरांचे हातवारे. डोंगरावरच्या एका वळणावर, जिथून आपलं जहाज दिसतं, तिथे गाड्या उभ्या करायला जागा होती. परतायची वेळ झाली तेव्हा शेजारचे एक गृहस्थ आपली गाडी मागे घेत होते. चांगली घेत होते. पण मास्तरांना राहवेना. ते त्या गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हातांनी खुणा करू लागले. "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..." गाडी येत गेली तसे मास्तर उलट्या पावलांनी मागे जात राहिले, आरशात न बघता. रस्त्याकडेच्या गटारात पाय गेला आणि ते खाली बसले. उजवा घोटा बघता बघता सुजला. ब्रेकचा पाय.

गृहस्थ आभार मानून निघून गेले. रस्ता रिकामा झाला. मास्तरांनी स्टिअरिंगमागे बसून पाहिलं, पाय टेकवला आणि ओरडले. दुसऱ्यांदा टेकवला, डोळ्यांत पाणी आलं. खाली समुद्रात जहाज पांढरंशुभ्र उभं होतं, आणि संध्याकाळी ते कुणासाठी थांबणार नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

"आता काय करायचं?" लेक म्हणाली. "बाबा, आपण राहिलो इथेच. आई, मला तरी यायला हवी होती गं गाडी."

मास्तर म्हणजे मोठमोठ्याने बोलणारा माणूस, पण तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना असं मास्तरीणबाईने कधी पाहिलं नव्हतं. आणखी थोडा वेळ गप्प बसावं, कुणीतरी येईलच, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तेरा वर्षं जपलेला तो तास असा रस्त्याच्या कडेला सोडणं तिच्या जिवावर आलं होतं.

"सरका," ती म्हणाली.

"काय?"

"पलीकडच्या सीटवर सरका. आणि पाय वर घ्या, सुजेल अजून."

तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, गाडी सुरू केली आणि वळणावरून खाली काढली. पहिल्या उतारावर मास्तरांचा दुखरा पाय सवयीने खाली आपटला आणि ते कळवळले. दुसऱ्या उतारावर पुन्हा. तिसऱ्या वळणाला आपटला नाही. ती योग्य जागी गिअर उतरवत होती, समोरून बस आली तेव्हा कडेला थांबली, बसच्या ड्रायव्हरने हात केला, तिनेही केला.

"कधी शिकलीस?" मास्तर म्हणाले.

"झाली बारा-तेरा वर्षं."

"मला बोलली नाहीस ते?"

"मला गाडी येते हो," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसलात की येत नाही. आज पाय दुखतोय म्हणून येतेय."

हे वाक्य तिने किती वर्षं मनात घोळवलं होतं! बोलून झाल्यावर गार वाटेल असं तिला वाटायचं. तिने आरशात पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे गाल ओले होते.

"तुला काय झालं गं?"

"काही नाही."

"बोल की."

"तुला येत होतं," लेक म्हणाली. "इतकी वर्षं. आणि मी समजत होते की मी तुझ्यावर गेलेय. बाबा म्हणायचे तेव्हा तू समोरच असायचीस ना, आई? भाजी वाढत असायचीस."

मास्तरांना देण्यासाठी मास्तरीणबाईकडे ढीगभर उत्तरं होती, पण हा प्रश्न कधी येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

बंदर आलं. गाड्यांच्या कचेरीमागे मोठं पटांगण होतं, रिकामं. मास्तरांच्या घाईच्या स्वभावामुळे डोंगरावरून लवकर निघायचं ठरलं होतं, त्यामुळे जहाज सुटायला अजून अवकाश होता. तिने गाडी पटांगणाच्या मधोमध थांबवली.

"अहो, तुम्ही उतरा. त्या बाकावर बसा."

"किल्ली देऊन येतो—"

"किल्ली इथेच राहू दे. बसा."

मास्तर लंगडत जाऊन बसले. ती पलीकडच्या सीटवर गेली. "पुढे ये," ती लेकीला म्हणाली.

"आई, नको. मला नाही जमत. वेडी आहेस का?"

"ये."

लेक आली. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि एकदम सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. त्याच क्षणी मास्तरीणबाईला कळलं की आपला उजवा पाय खालच्या चटईवर घट्ट दाबलेला आहे. तोंडही उघडलं होतं. 'आरसा' हा शब्द जिभेवर तयार होता.

तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने तो पाय पाहिला होता. ती पुन्हा तशीच हसली, काउंटरवर हसली होती तशी, खाली बघत, आणि किल्लीकडे हात नेला, काढून घ्यायला.

मास्तरीणबाईने चपला काढल्या. दोन्ही पाय वर उचलले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली.

"हं," ती म्हणाली, "सुरू कर पुन्हा. मला घाई नाही."