आत्याची दुपारची माणसं

गप्प बसून माणसाला घाम फोडणारं आमच्या आत्यासारखं दुसरं कुणी उभ्या मराठवाड्यात नसेल. ओरडणाऱ्या बायका आमच्या घराण्यात पुष्कळ झाल्या. माझ्या आईचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा आणि तिला कुणीही भीत नसे. आत्या कधी ओरडली नाही. अंगानं चिपाड, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी, चालताना पायाचा आवाजसुद्धा होऊ न देणारी. पण तिनं नजर उचलून नुसतं ‘हं’ म्हटलं की रांगतं पोर हातातली वस्तू खाली ठेवायचं. रेणापूरजवळच्या तिच्या सासरी नवे गोऱ्हे जोताला लावण्याआधी तिच्या हवाली करत. गडीमाणसं जवळ जायला भ्यायची, असल्या मारक्या गोऱ्ह्यासमोर ती सूप घेऊन बसायची आणि डाळ निवडत राहायची. त्याच्याकडं बघायचीदेखील नाही. तासाभरानं तो मान खाली घालून उभा असायचा. लहानपणी मी तिला विचारलं होतं की तू याला चाबूक का मारत नाहीस. म्हणाली, “मारावं लागलं की समजायचं, आपल्याला येत न्हाई.”

तिचे यजमान कामासाठी हैदराबादला गेले आणि दोन वर्षांनी त्यांचा फोन लागेनासा झाला. मग सासूबाईंना लकवा झाला. दिरांनी म्हातारीला नांदेडच्या एका दवाखान्यात आणून टाकलं, सोबतीला आत्याला ठेवलं, आणि घरी सोडायच्या दिवशी न्यायला कुणीच आलं नाही. दोघी दिवसभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होत्या. मी नांदेडलाच एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी मीच जाऊन त्यांना घेऊन आले. पुढं आत्यानं नदीकडच्या एका बोळात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या खोलीत देव, चूल आणि एक खुर्ची. मागच्या खोलीत सासूबाईंची खाट, आणि मध्ये दार नसल्यामुळं एक लाल पडदा. सासूबाईंची वाचा गेली होती. श्वास घेताना मात्र त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. त्या घरात पंखा बंद झाला की एवढा एकच आवाज उरे, आणि पडदा त्या आवाजाबरोबर हलतो आहे असं उगीच वाटत राही.

आत्या विद्यार्थ्यांच्या एका मेसमध्ये भाकरी करायला जायची. ती मेस बंद पडली. नंतर दोन-तीन महिने तिचं कसं चाललं आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. विचारलं असतं तर तिनं ‘हं’ म्हटलं असतं. शेवटी एका कडक उन्हाच्या दुपारी सुट्टी टाकून मी डबा घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. बाहेर पॉलिश केलेले पुरुषी बूट अगदी जोडीनं ठेवलेले. आत गेले, तर एक धिप्पाड माणूस भिंतीकडं तोंड करून, दोन्ही कान धरून उभा होता. सदरा पाठीला चिकटलेला. आत्या खाली बसून मेथी निवडत होती. तिनं मला बोटानं बसायची खूण केली. मी बसले. पडद्यामागं शिट्टी वाजत होती, इकडं मेथीचे देठ मोडत होते, आणि तो माणूस हालत नव्हता. मला वाटलं हा चोर असावा. मग वाटलं, हा जिवंत तरी आहे का. अर्ध्या तासानं आत्यानं “हं” केलं. तो वळला. डोळे लाल, पण चेहरा गाढ झोपेतून उठलेल्या लेकरासारखा निवळलेला. त्यानं देव्हाऱ्यापुढं एक पाकीट ठेवलं, आत्याला लांबून नमस्कार केला आणि बूट हातात घेऊनच निघून गेला. आत्या मला म्हणाली, “चहा टाकू का गं?”

तो माणूस औषधांच्या कंपनीतला. मेसमध्ये जेवायला यायचा. एकदा ताटात अर्धी भाकरी टाकून उठला, तेव्हा आत्या त्याला हळूच “बस खाली. खा” म्हणाली होती. त्यानं रडत रडत सगळं ताट चाटून पुसून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम भाकरी टाकून उठला. मेस बंद झाल्यावर पत्ता काढत घरी आला आणि म्हणाला की बाई, मला रागवा. मोठ्या शहरांत बायका हे काम करतात, तुम्हाला फुकट करायला सांगत नाही. आत्याला आधी वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तिनं त्याला भिंतीशी उभं केलं. त्यानं हळूच आणखी एकाला सांगितलं, त्यानं आणखी एकाला. मी मोबाइलवर शोधून त्या कामाचं इंग्रजी नाव तिला वाचून दाखवलं: डॉमिनेट्रिक्स, पैसे घेऊन पुरुषांवर हुकूम चालवणारी बाई. काळे चामड्याचे कपडे, उंच टाचांचे बूट, हे सगळं चाचरत सांगितलं. तिनं ते नाव दोनदा जिभेवर घोळवलं, जमलं नाही. म्हणाली, “एवढं कशाला? आमच्यात हिला घरातली थोरली म्हणतात.”

तिचे नियम होते. पाय धुऊन आत यायचं. पिऊन यायचं नाही. कुणी तिला हात लावायचा नाही, ती कुणाला लावणार नाही. अंगावरचं एक बटणसुद्धा काढायचं नाही. एकानं वरचं बटण काढलं, तर तिनं त्याला दुसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत बटणं लावून, वर मफलर गुंडाळून, ऐन वैशाखात उभं केलं. नायगावहून बसनं येणारे एक दुकानदार होते. त्यांना बांधून घ्यायची हौस. तिनं बैलाचा कासरा आणून पुढं टाकला, त्यांनाच आपलं मनगट सासूबाईंच्या खाटेच्या पायाला सैलसर गाठीनं बांधायला लावलं आणि भाजी आणायला निघून गेली. परत आली तेव्हा गाठ तशीच होती आणि ते डोळे मिटून म्हातारीचे पाय चेपत होते. मोठ्या हुद्द्यावरचे एक साहेब दर गुरुवारी येऊन लसूण सोलत. पाकळी तुटली की आत्या सोललेला सगळा लसूण बाजूला सारून नवा गड्डा पुढं ठेवायची. महिन्याभरात त्यांचा हात इतका बसला की आमच्या घरचा लसूणही मी तिथं नेऊन देऊ लागले. एका हौशी माणसानं कुरिअरनं चामडी चाबूक पाठवला होता. आत्यानं तो हुंगून बघितला, कातडं कच्चं आहे म्हणाली, आणि सासूबाईंची मच्छरदाणी बांधायला वापरला.

हे आता हसून सांगते आहे, पण मध्ये दोन महिने मी तिच्याकडं फिरकले नाही. कॉलेजात कुणी हळू आवाजात बोलताना दिसलं की मी फाइल उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. मला लाज वाटते असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिनं विचारलं, तुझे साहेब उभं राहा म्हटले की तू उभी राहतीस का न्हाई. मग यात निराळं काय. मी रागानं डबा उचलून निघून आले होते. शेवटी सासूबाईंची औषधं नेऊन द्यायची म्हणून गेले, आणि नेमकी त्याच दुपारी ती गोष्ट घडली.

एक नवा माणूस आला. पाय न धुता आत आला आणि खुर्चीवर पाय पसरून बसला. रागावून घ्यायला आलेला तो नव्हता. मोबाइल काढून त्यानं आत्यावर रोखला आणि हसत म्हणाला की चालू करा, सगळ्या नांदेडला बघू द्या. मी औषधांची पिशवी खाली ठेवली. आत्या हातातलं सूप तसंच धरून बसली आणि त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तो हसत होता, मग कमी हसला, मग मोबाइल जरा खाली आला. तेवढ्यात पडद्यामागची शिट्टी थांबली. आणि पडद्याआडून एक जाडा, कोरडा, म्हातारा आवाज आला, “ऊठ.”

तो माणूस उठला. पडद्याकडं बघत मागं मागं सरकत दारापर्यंत गेला आणि चपला न घालता बोळातून पळाला. पुढं तो कधी आला नाही. चपला कितीतरी दिवस दाराशी उन्हात वाळत होत्या. पण मी पाहत होते आत्याकडं. तीही उठून उभी राहिली होती. सूप सांडलं होतं आणि तिनं डोक्यावर पदर घेतला होता. मी आत जाऊन पाहिलं, तर सासूबाई नेहमीसारख्या छताकडं बघत पडलेल्या, शिट्टी पुन्हा सुरू. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, पुढंही फुटला नाही.

त्या दिवशी आत्या पहिल्यांदा स्वतःच्या संसाराविषयी बोलली. लग्न होऊन आली तेव्हा ती सोळा वर्षांची. रोज पहाटे म्हातारी उशाशी येऊन ‘ऊठ’ एवढंच म्हणायची, आणि अंगात ताप असला तरी आत्या उठायची. चूक झाली तर भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. म्हातारी समोर बसून डाळ निवडायची. कधी मारलं नाही. गोऱ्ह्यांना नमवायची विद्या आत्या तिथंच, भिंतीशी उभी राहून शिकली होती. “मी काय नवीन करायलेय? हिचंच हाय सगळं,” ती म्हणाली आणि आत जाऊन म्हातारीची कूस बदलून आली.

म्हातारी गेली ती गुरुवारी. साहेब लसूण सोलत होते. त्यांचे हात थांबले आणि न विचारता बोलायची परवानगी नसताना ते बोलले, “बाई, आत आवाज येत नाही.” आत्या आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि मला फोन केला. मी तिथं पोचून दिरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, तिथंच उरकून घ्या, आम्ही दहाव्याला बघू. बोळातली माणसं कामावर गेलेली. खांदा द्यायला साहेबांशिवाय कुणी नव्हतं. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला, स्वतःची वही काढली आणि एकामागून एक नंबर लावत प्रत्येकाला एकच शब्द म्हणाली, “या.”

दोन तासांत आणखी सहा जण आले. प्रत्येकाला वाटत होतं, बोलावलंय ते आपल्याला एकट्यालाच. बोळात एकमेकांना बघून ते असे दचकले की मला त्या घडीलाही हसू आलं. पण कुणी परत गेला नाही. ओळीनं पाय धुतले, खाली बघत आत आले. औषधवाला, साहेब, नायगावचे दुकानदार, सगळ्यांनी मिळून म्हातारीला उचललं. वाटेत कुणी खांदा बदलायला मागितला नाही. गोदावरीच्या घाटावर गुरुजींनी विचारलं की मयताचे आपण कोण. औषधवाल्यानं आत्याकडं पाहिलं, तिनं मान हलवल्यावर म्हणाला, “आम्ही घरातलेच.” अग्नी आत्यानं दिला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते सातही जण मात्र एका रांगेत उभे राहून लहान मुलांसारखे हुंदके देत होते, आणि येणारे-जाणारे लोक म्हणत होते, म्हातारी भाग्याची.

तेरावं झालं आणि दुपारची माणसं पुन्हा यायला लागली. पहिल्या दिवशी औषधवाला भिंतीशी उभा राहिला. आत्या डाळ निवडायला बसली. मीही तिथं होते. थोड्या वेळानं त्याचे खांदे आखडले. कान धरलेल्या अवस्थेतच तो घाबरून पुटपुटला की आजी अजून आहेत. मीही ऐकलं. पंखा बंद होता, पडदा काढून टाकलेला, आत रिकामी खाट दिसत होती, आणि तीच बारीक शिट्टी खोलीत वाजत होती. आत्यानं निवडणं थांबवलं, श्वास रोखला. शिट्टी थांबली. तिनं श्वास सोडला आणि पुन्हा घेतला. शिट्टी वाजली.

“मीच हाय ती,” आत्या म्हणाली.

ती उठली आणि त्या माणसाचे कान धरलेले हात तिनं स्वतःच्या हातांनी खाली घेतले. एवढ्या दिवसांत तिनं कुणाला केलेला तो पहिला स्पर्श. म्हणाली, “बस रे बाबा. पाणी पी. जा घरला आता.” तो जाईना. रागवा म्हणून विनवू लागला. तिनं दोनदा ‘हं’ म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यात काहीच उरलं नव्हतं. कुठल्याही दमलेल्या बाईनं हुंकार द्यावा तसा तो निघाला. आठ दिवसांत तिनं सगळ्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. साहेब तर दोन गुरुवार बोळाच्या तोंडाशी गाडी लावून नुसते बसून गेले. तिच्या छातीचं मी डॉक्टरांना दाखवलं. चुलीचा धूर आणि धूळ, एवढंच म्हणाले. औषधानं शिट्टी गेली.

आता आत्या लातूरला असते. एका एकट्या निवृत्त बाईंकडं राहून त्यांचं सगळं करते. काम मीच शोधून दिलं. मागच्या महिन्यात भेटायला गेले तर दोघी गॅलरीत बसून भांडत होत्या. भाजीत मीठ कमी की जास्त, यावरून. आणि आत्या चक्क हरत होती, मोठमोठ्यानं बोलून हरत होती. निघताना मला सोडायला बसस्टँडपर्यंत आली. रस्ता ओलांडायचा होता. दोन्ही बाजूंनी ऑटो, ट्रक, शिकवणीच्या पोरांच्या मोटारसायकली. मी पाऊल टाकलं तर ती मागंच. वळून पाहिलं, कडेला उभी होती, घाबरलेली, एवढीशी. म्हणाली की मला गाड्यांची लई भीती वाटते, पहिल्यापासून वाटते, कधी कुणाला सांगितलं न्हाई. मी परत गेले आणि तिचा हात धरला. हात गार होता, भाकरी करून करून खरखरीत झालेला. रस्ता संपला, बस लागलेली दिसली, तरी तिनं तो सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. ती बस गेली. दुसरी तासाभरानं होती.