तीन नंबरच्या खाटेवरची पेशंट

आमची संध्या बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. बदनापूरहून रोज जालन्याला कॉलेजात जाती. मी तिची आत्या, बेबीनंदा. आईविना पोर मीच वाढवली. वर्गात पहिली, पण साडेतीन वर्षांत तिनं जास्तीत जास्त सेवा केली ती प्लास्टिकच्या बाहुल्याची! कॉलेजच्या दवाखान्यात खाटा शंभर अन् पेशंट सापडले तर चार.

मंग तपासणीवाले साहेब येणार म्हणून प्राचार्य मॅडमनं फर्मान काढलं. प्रत्येक पोरीनं घरून एक पेशंट आणायचा, न्हाई तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं न्हाई. डबा आणतात तसा पेशंट आणायचा, सांगा आता! पोर रडकुंडीला आली. मी म्हणलं, "रडती काय? मी हाय ना धडधाकट."

मला तीन नंबरच्या खाटेवर निजवलं. पायथ्याशी कागद लटकवला, 'ताप, उतार आहे.' शेजारी राजूरचे भुजंगराव, चांगल्या पायाला प्लास्टर घालून.

"बाई, बरं कधी व्हायचं?" त्यांनी हळूच इचारलं.

"जेवणाच्या टायमाला," मी म्हणलं.

साहेब आले. मॅडम म्हणल्या, "संध्या, बीपी घेऊन दाखव." कागदावर आकडा आधीच लिहून ठेवलेला, एकशेवीस-ऐंशी. अख्ख्या वॉर्डाचा तोच. पोरीनं पट्टा बांधला, मोजलं. परत मोजलं. तिचं तोंडच उतरलं.

"सर, दोनशे दहा, एकशेवीस."

मॅडमनं डोळे वटारले. "नीट बघ. कागदावर काय लिहिलंय?"

"मॅडम, मी कागदाचं न्हाई, आत्याचं घेतलं."

साहेबांनी 'आत्या' बराबर ऐकलं. मंग घड्याळ बघितलं अन् म्हणले, "जेवण लागलं असेल ना?"

ते जेवायला गेले. संध्यानं मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणला, "आणखी दोन दिवस अंगावर काढलं असतं तर लकवा मारला असता." माझं डोकं महिनाभर दुखून राह्यलं होतं, मी आपली उन्हाला शिव्या देत बसल्ते.

कॉलेज पास झालं. नोंदी उत्तम, फक्त एका विद्यार्थिनीचं मोजमाप चुकलं, असं अहवालात आलं म्हणे. संध्याला परीक्षेला बसू दिलं न्हाई. सहा महिने गेले पोरीचे, माझा जीव तुटतो.

"एकशेवीस-ऐंशी म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" मी एकदा इचारलं.

तिनं पाण्याचा गिलास अन् गोळी हातात दिली. त्या चुकलेल्या आकड्याची गोळी मी रोज सकाळी घेते.