माझी चूक, तिच्या तोंडून

शेंद्र्याच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच दिवशी इंटर्न म्हणून लागलो. कॉलेज एक, वर्गही एक. सहा महिन्यांनी दोघींपैकी एकीलाच ठेवणार, हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तेव्हापासून ती मला मैत्रीण कमी आणि ‘दुसरी’ जास्त वाटायला लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

तिचे वडील एका कारखान्यात सुपरवायझर. बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर तिनं म्हणे सातवीतच हाताळला होता. माझं गाव गंगापूरकडचं. आबा मेंढरं राखतात, आई दुसऱ्याच्या कापसात जाते. कॉलेजात गेलेली मी घरातली पहिलीच. तिच्या डब्यातल्या गरम पोळ्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा. पण खरा हेवा होता तो ती प्रश्न विचारायची त्याचा. आमच्यात मोठ्यांनी काम सांगितलं की परत विचारायचं नसतं. विचारलंच तर आबा म्हणायचे, "ध्यान कुठं होतं? मेंढरं काय तुझ्यासाठी थांबतेत व्हय?"

पहिल्याच आठवड्यात आम्हाला काम शिकवणारे सर तपासणीच्या टेबलाशी घेऊन गेले. मशीनवरून निघालेले ॲल्युमिनियमचे बुश, म्हणजे जाड कड्यांसारखे पार्ट, ट्रेमध्ये पंख्याखाली ठेवले होते. तिनं लगेच विचारलं, "सर, पंखा कशाला? यांना काय घाम येतो का?"

मलाच लाज वाटली. आता सर चिडणार, असं वाटलं. थोडं बरंही वाटलं. पण सर हसले आणि समजावून सांगायला लागले. सर तिच्याशी किती मोकळं बोलतात, तेवढंच मी बघत राहिले. शेवटचं वाक्य मात्र ऐकू आलं, "कळलं ना दोघींना?"

मी म्हणाले, "हो सर."

पुढच्याच आठवड्यात मला तिच्याआधी काम संपवून दाखवायचं होतं. पंख्याखालचा ट्रे तिच्याकडे होता. मी मशीनवरूनच ताजा ट्रे उचलला आणि मोजायला बसले. बुश हाताला गरम लागत होते, ते मला चांगलंच आठवतं. प्रत्येक माप थोडं मोठं येत होतं. मी मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मशीनची सेटिंग कमी केली. दुपारपर्यंतचा सगळा माल गार होऊन आकसल्यावर लहान निघाला आणि भंगारात गेला.

"गरम पार्ट मोजला का गं पोरी?" काका एवढंच म्हणाले. सरांनी कुणी मोजला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते का, कोण जाणे.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या साहेबांसमोर दोघींनी आपण काय शिकलो ते सांगायचं होतं. ती आधी उठली. म्हणाली, "सर, आमच्याकडून एक चूक झाली." आणि तिनं माझे गरम बुश सांगितले. काकांची सेटिंग, भंगार, सगळं. मग पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हाताला गार लागल्याशिवाय मोजू नका’. साहेबांनी तो हातात घेऊन दोनदा वाचला.

मी खाली बघत होते. चूक माझी, आणि ती सांगून कौतुक मिळतंय तिला. मला वाटलं, माझ्याकडची ही एकच गोष्ट होती, तीही हिनं नेली. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्या उपकरणांची नावं न चुकता वाचून दाखवली.

तिला ठेवलं.

त्या संध्याकाळी मी सरांच्या टेबलाशी जाऊन बराच वेळ उभी राहिले. सरांनी वर बघितल्यावर विचारलं, "सर, मी कुठं कमी पडले?" सहा महिन्यांतला माझा हा पहिला प्रश्न.

सर म्हणाले, "काम येतं तुला. पण कुठं अडलीस, ते आम्हाला कधी कळलंच नाही. सारखं आपलं हो सर, हो सर."

परतीच्या कंपनीच्या बसमध्ये ती माझ्यासाठी जागा धरून बसली होती. मी बसले. चिकलठाणं आलं तेव्हा म्हणाले, "ते गरम बुश मी मोजले होते."

"माहितीये. काका बोलले मला त्याच दिवशी."

"मग साहेबांसमोर नाव का नाही घेतलंस?"

"पागल आहेस का? तुझी नोकरी गेली असती ना!"

नोकरी माझी नव्हतीच, तिची होती, आणि ती तिलाच मिळायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं. पण हेवा गेला नाही. उलट वाढला. तिच्या जागी मी असते, तर मी नाव घेतलं असतं.